टेस्टिंगपुरतं हृदय

आमच्या कामाच्या स्लिपवर तीनच रकाने आहेत. चित्र, आवाज, रिमोट. तिन्हींसमोर बरोबरची खूण करायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची, की तक्रार बंद! शाळेत बाकी जे दिसतं त्याला रकाना नाही. मग ते माझ्या डोक्यात साठत जातं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून टाकतो.

मी मंगरूळपीरला रियाजभाईंच्या दुकानात कामाला आहे. शाळांमधल्या डिजिटल वर्गाचे सेट दुरुस्त करतो. माझी स्वतःची शाळा नववीत सुटली. अजूनही वर्गात शिरताना चपला बाहेर काढतो, आणि मग आठवतं की आपण आता मेकॅनिक आहोत!

*

शेलूबाजारकडच्या एका शाळेची तक्रार होती, "टीव्हीवर सगळं पुसट दिसते." जाऊन पाहतो तर पडद्यावरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच! कोपरा धरून ओढलं, तशा मॅडम धावत आल्या.

"अहो भाऊ, काहून काढून राह्यले? नवा आहे तो!"

"केव्हापासून नवा आहे, मॅडम?"

मॅडमनी मनात हिशेब केला. "तीन वर्षं झाले असतीन."

*

अनसिंगच्या पुढे एक गाव आहे. तिथली शाळा आठवीपर्यंत. वर्गात छताला प्रोजेक्टर, खाली टेबलावर कॉम्प्युटर. विज्ञानाचे सगळे धडे आत भरलेले. पण तो सेट एरवी बंद. मुख्याध्यापक सरांचं एकच म्हणणं, "चालवलं तं बल्ब जाते!" पंधरा दिवसांतून एकदा सेट चालू करायचा, ग्रुपवर फोटो टाकायचा, की बंद.

पहिल्यांदा गेलो तेव्हा फोटोच्या दिवशी पडद्यावर चित्र येत नव्हतं. कॉम्प्युटरपासून प्रोजेक्टरला जाणारी वायर सैल होती. नीट बसवली आणि टेस्टिंगला यादीतला पहिला धडा लावला. हृदय. धडधड आवाज आला, तशी खिडकीत पोरं गोळा झाली. निळं रक्त हृदयात आलं, फुप्फुसाकडे निघालं, आणि सर म्हणाले, "झाले ना दोन मिनिटं? करा बंद. बल्ब जाते."

खिडकीतून एक मुलगी म्हणाली, "दादा, थांबा ना. मले एक विचाराचं होतं."

तिचं नाव अस्मिता. आठवीतली.

"माह्या बाबाले ॲटॅक आल्ता. डॉक्टर म्हणे, हृदयाले रक्त पोचलं नाही. पण हृदयात तं रक्तच रक्त असते ना? मंग त्याले कमी कसं पडलं?"

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "परीक्षेले नाही ते."

मलाही माहीत नव्हतं. स्लिपवर सही घेतली आणि निघालो. गाडीवर बसल्यावर कान तापले होते. आठ मिनिटांचा धडा! उत्तर असेल तर त्यातच, तिच्या डोक्यावर टांगलेलं. आणि ते बल्बसाठी बंद!

*

मंगरूळपीर तालुक्यातलीच एक शाळा. तिथे टीव्हीचा आवाज येत नव्हता. दुरुस्त केला. गुरुजींनी लगेच चुंबकाचा धडा लावला. पडद्यावर चुंबक, त्याला चिकटणाऱ्या टाचण्या. पोरं मान वर करून पाहत होती, कारण टीव्ही उंचावर होता. तो उंच कशाने झाला म्हणून वाकून पाहिलं, तर खाली एक मोठी पेटी. पट्टीही न फाडलेली. वर छापलेलं, "विज्ञान प्रयोग साहित्य : चुंबक, भिंगे, आरसे."

मी हळूच म्हटलं, "गुरुजी, खरं चुंबक तं या पेटीत आहे."

"माहीत आहे मले," गुरुजी म्हणाले. "पण पेटी काढली तं टीव्ही खाली येईन ना!"

*

महिन्याभराने अनसिंगकडची ती शाळा पुन्हा. पुन्हा तीच वायर. पुन्हा मी पहिल्यापासून हृदय लावलं. खिडकीतून आवाज आला, "हे पाह्यलं आमी. मांगच्या बारीले फुप्फुसापाशी बंद केलं होतं. तिथून लावा ना."

टेस्टिंग मधूनही करता येतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं! दोनपासून चार मिनिटांपर्यंत चालवलं. रक्त फुप्फुसातून लाल होऊन परत आलं. तिचं उत्तर काही आलं नाही.

निघताना धीर करून तिला म्हटलं, "मी मोबाइलवर पाहून सांगू का तुले?"

"शाळेतच आहे ना ते? मंग मोबाइलवर कायले? इथंच पाहीन मी."

ती रागानं बोलली. राग माझ्यावर नव्हता, पण मला लागला.

*

आता हा किस्सा ऐका. एका सरांनी मला बाजारात गाठलं. विज्ञान रंजक कसं शिकवावं, याचं ऑनलाइन ट्रेनिंग त्यांना आलं होतं. पन्नास व्हिडिओ. म्हणाले, "भाऊ, हे आपोआप पुढं सरकतीन असं काही करून देता का?"

मी नाही म्हटलं. सरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि शेतात सोयाबीन पाहायला गेले. काही दिवसांनी त्यांच्या घरी टीव्ही बसवायला गेलो, तर भिंतीवर सर्टिफिकेट! फ्रेमसकट.

वहिनी चहा देत म्हणाल्या, "मुलांले आदी हातानं करून पाहू द्या, मंग सांगा, असं होतं त्यात. यायले किती खेपा सांगतलं मी, पण आयकतच नाहीत."

सर म्हणाले, "ट्रेनिंग माहं झालं का तुहं?"

"सर्टिफिकेट तुमचं," वहिनी म्हणाल्या. "ट्रेनिंग माहं!"

*

तिसऱ्यांदा त्या शाळेत गेलो, तेव्हा वायर नुसती सैल नव्हती. पूर्ण काढलेली होती. आणि तिला धूळ लागू नये म्हणून तिचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या खिळ्याला टांगलेलं होतं! मी खिडकीकडे पाहिलं. अस्मिता छताकडे पाहत होती.

चारपासून सहा मिनिटं चालवलं. झडपा कशा उघडतात ते दिसलं. सर म्हणाले, "बल्ब."

दुकानात रियाजभाई स्लिपा चाळत होते. "उस स्कूल की वायर बार-बार कैसे निकलती रे? चूहे हैं क्या?"

"हो भाई," मी म्हटलं. "लई आहेत."

*

एप्रिल. परीक्षा संपली होती. उन्हाळ्यात सेट झाकून ठेवतात, त्याआधी सगळ्या शाळांची तपासणी असते. त्या शाळेत गेलो तर सर स्लिपची वाटच पाहत होते. वायर जागच्या जागी. पडदा स्वच्छ, हृदयाचं चित्र स्थिर उभं.

"दिसून राह्यलं ना? आणा, सही करतो. टेस्टिंग नको आता. बल्ब—"

खिडकीत आठवीतल्या पोरी उभ्या होत्या. त्यांचा या शाळेतला तो शेवटचा आठवडा. अस्मितानं या वेळी वायरीला हात लावला नव्हता. तपासणीत पूर्ण दाखवतील, असं तिला वाटलं असावं.

आजवर त्या सरांसमोर मी "हो सर" याच्यापलीकडे बोललो नव्हतो. वाकलो आणि वायर उपटली. पडदा निळा झाला.

"सर, बिघडलं."

"आताच तं चालू होतं!"

"हो ना सर. पूर्ण चालवून पाहावं लागन." वायरीचं टोक मी हातातच धरून ठेवलं होतं. "आणि रिकाम्या खोलीत आवाजाचा अंदाज येत नाही. पोरी बसू द्या आत."

सर उघडलेलं पेन खिशात ठेवून खुर्चीवर बसले.

वायर परत बसवली आणि सहापासून आठ मिनिटांपर्यंत चालवलं. हृदय बाहेरून दिसलं. त्याच्यावर वेलीसारख्या दोन बारीक लाल नळ्या. आतलं रक्त हृदयाला स्वतःला वापरता येत नाही, त्याचं पोट बाहेरच्या या नळ्यांवर. अस्मिता उठून पडद्यापाशी गेली. तिच्या हाताची सावली हृदयावर पडली. तिनं एका नळीवर बोट ठेवलं आणि वरून खालपर्यंत हळूच फिरवलं.

"इथं बंद झाली असन," ती म्हणाली.

सरांनी या वेळी बल्बचं नाव काढलं नाही; खिशातलं पेन काढून सही केली.

मी बाहेर येऊन गाडीला किक मारत होतो, तेवढ्यात अस्मिता धावत आली. सोबत दोन वेण्यांची एक लहान मुलगी.

"दादा, मी आता नववीले अनसिंगले जाईन. ही रोशनी. आता आठवीत जाते. पुढचा धडा डोयाचा आहे, आपल्याले दिसते कसं त्याचा." मग शाळेकडे एकदा पाहून हळू आवाजात म्हणाली, "कोणती वायर काढाची ते हिले दाखवून ठेवलं मी."