मार्फत

मी गुरुलिंग, अहमदपूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षांपासून क्लार्क. 'मार्फत' या शब्दावर माझी जेवढी श्रद्धा हाय, तेवढी महादेवावर बी न्हाई. आमची मालकीण पार्वतम्मा म्हणती, "गळ्यात लिंग हाय, देव छातीशी हाय, तरी तुमी अर्ज पुजाऱ्यामार्फतच देताल!"

मागल्या साली ठरलं, पोरींच्या छेडछाडीच्या तक्रारी मोबाईलवरून घ्यायच्या. त्याचं नांदेडला दोन दिवस ट्रेनिंग झालं. मी तिथं जेवलो लई, शिकलो कमी. येऊन फॉर्म बनवला. तक्रार समितीच्या सिंधु मॅडमनी त्याचा क्यूआर कोड लेडीज रूममधी चिकटवला. सहा महिने एक तक्रार न्हाई! मी शहाणा कॉलर ताठ करून सांगत फिरलो, "आपल्याकडं रामराज्य हाय."

मग एमएस्सीची भार्गवी खिडकीशी आली. वर्गात पहिली पोरगी, अन् टीसी मागायली.

"का गं? परीक्षा तोंडावर हाय."

ती हळूच बोलली. "एचओडी सर फोटो मागतात. न्हाई म्हटलं की प्रॅक्टिकलच्या मार्कांची धमकी देतात."

"अगं मग तक्रार कर की! एवढा फॉर्म कशाला बनवला मी?" मीच उलटा तिच्यावर खेकसलो.

तिनं मोबाईल पुढं धरला. "तीनदा भरला, सर. जातच न्हाई."

सगळा फॉर्म भरलेला, अन् खाली लाल अक्षरात: 'विभागप्रमुखांमार्फत. त्यांचा ईमेल टाकणे अनिवार्य.'

हे माझंच काम! हात सवयीनं चालला, डोकं चाललंच न्हाई. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या होत्या मी.

"मॅडमना जाऊन सांगायचं व्हतं, बाई."

"त्यांची केबिन सरांच्या समोरच हाय. आत गेलं की कळतं त्यांना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथं तो रकाना उडवला. कुणाची परवानगी न घेता केलेलं आयुष्यातलं माझं पयलं काम.

"आता थेट सिंधु मॅडमकडं जातंय. मधी कुणी न्हाई, मी बी न्हाई."

तिनं उभ्या उभ्या फॉर्म भरला, पाठवला, अन् टीसीचा अर्ज पर्समधी परत घातला.

मागं दोन पोरी बोनाफाईडसाठी थांबल्या होत्या. त्यातली एक पुढं आली.

"सर, खरंच मधी कुणी न्हाई ना? मग आमाला बी भरायचाय."

दोघी त्याच विभागाच्या होत्या.