ठसकामावशीची जीभ

ठसकामावशी मिरची खायची तेव्हा डोळे मिटून घ्यायची. वाळलेल्या लाल मिरचीचं टोक दातानं तोडायचं, जिभेवर ठेवायचं, तोंड बंद करायचं आणि नुसतं बसून राहायचं. आम्ही बायका तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. शिंक नाही, खोकला नाही, डोळ्यांत टिपूस नाही. जरा वेळानं डोळे उघडून ती निकाल द्यायची. "ही औंदाची न्हाई वैनी, गेल्या सालची हाय. वाण्यानं तेलाचा हात फिरवून चकाकी आणलीया." दुसऱ्या दिवशी वाणी निमूटपणे पोतं बदलून द्यायचा. त्या माणसाशी माझ्या सासूबाईसुद्धा वाद घालायला धजत नसत, पण मावशीची जीभ म्हटली की तो गप्प.

ती मळवलीच्या पलीकडच्या एका वाडीतली. नवरा कधीच गेलेला, मुलगा एका बंगल्यावर माळी होता. होळी झाली की खांद्यावर स्वतःचं मुसळ घेऊन रुळांच्या कडेकडेनं चालत लोणावळ्याला यायची आणि आमच्या आळीतल्या नऊ घरांचं वर्षाचं तिखट कांडून द्यायची. तिचं मुसळ उखळात पडायला लागलं की आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं खोकायची, म्हणून ती ठसकामावशी. खरं नाव काय, ते आम्ही कुणी विचारलं नाही. आज लाज वाटते, पण नाही विचारलं. तिला मात्र त्या नावाचा भारी अभिमान होता. सगळे खोकत असताना ती मधोमध बसून हसायची आणि म्हणायची, "आता कशी आळी जागी झाली!"

मी पुण्याहून लग्न होऊन आले. हे स्टेशनात कारकून. माझ्या माहेरी आमटीत गूळ, भाजीत गूळ, आणि मिरची फोडणीत पडली तरी पानात आली की बाजूला काढून ठेवायची. पहिल्याच वर्षी मावशीनं मला ओळखलं. एक लवंगी मिरची मोडून अर्धी आपल्या तोंडात टाकली, अर्धी माझ्यापुढे धरली. "घ्या वैनी. सासर लोणावळ्याचं हाय, भिऊन कसं चालंल?" मी घेतली. अग आई ग! आधी काहीच नाही. मग जिभेच्या शेंड्यावर सुई टोचावी तसं झालं, मग टाळू पेटला, ओठ सुजल्यासारखे झाले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, केसांच्या मुळांशी घाम, आणि कानांत तर अशी शीळ घुमायला लागली की घाटात इंजिन आलं असं मला वाटलं. वर उचकी. मी तांब्याकडे धावले, तर तिनं तो उचलून आपल्या मांडीमागे ठेवला. "पान्यानं पसरती ती. थांबा जरा. आपसूक उतरती." आणि खरंच उतरली. नंतर जे हलकं हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, ते मी विसरले नाही. पुढे गूळ सुटला माझा.

मिरचीचं तिचं एक शास्त्रच होतं. "शेंड्यावर लागती ती नुसती बडबडी, तिच्यात दम न्हाई. मधी लागती ती घरची, रोजच्या कालवनाची. आन गिळल्यावर मागनं येऊन घशात चढती, कानात वाजती, ती लवंगी. तिला जपून घ्यावी." कांडायच्या आधी ती प्रत्येक ढिगातली एक एक मिरची चाखायची आणि मग संकेश्वरीच्या ढिगात लवंगी किती मिसळायची ते ठरवायची. दरवर्षी माल वेगळा, पण तिखट तेच लागायचं. आमच्या घरी किती लागतं, शेजारी म्हातारे सासरे आहेत म्हणून तिथं किती कमी, कोपऱ्यावरच्या घरी मटण शिजतं म्हणून तिथं किती जास्त, सगळं तिच्या जिभेवर होतं. त्या जिभेवर तिला वर्षाचं लुगडं मिळायचं, घरोघरचे तांदूळ-गहू मिळायचे, आणि मुख्य म्हणजे मान मिळायचा. एरवी तिला कोण ओटीवर पाट देणार होतं?

माझं पहिलं मूल वीस दिवसांचं होऊन गेलं. घरात रडायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. रडल्यानं पुढचं येत नाही म्हणे. मी दोन महिने कोरड्या डोळ्यांनी पोळ्या लाटल्या. मग मावशी आली. परसात उखळाशी बसून मी मिरच्यांची देठं काढत होते आणि ती कांडत होती. न बघताच म्हणाली, "रडा वैनी. आज कुणी इचारत न्हाई. समदी आळीच रडतीया." आणि मी रडले बाई, अशी रडले! सासूबाई पदरानं नाक पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय मेलं जहाल आहे ग यंदाचं!" त्यांचेही डोळे लाल होते. ते कशानं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मावशीनं मात्र त्या दिवशी मुद्दाम सावकाश कांडलं, दुपारचं काम संध्याकाळपर्यंत पुरवलं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका चैत्रात तिनं मिरची चाखली आणि डोळे मिटायच्या ऐवजी मोठे केले. "लय तेज हाय औंदा," म्हणाली आणि लवंगीचा ढीग निम्मा बाजूला सारला. आम्हाला वाटलं, असेल. जून लागला, नव्या तिखटाची पहिली आमटी झाली आणि हे ताटावरून म्हणाले, "यात तिखट घातलंय का नुसता रंग?" आळीभर तेच. तिखट लालभडक, पण चव पांढरी. बायका विहिरीवर कुजबुजायला लागल्या की म्हातारी लवंगी घरी नेते. मावशीवर चोरीचा आळ! मला राग आला, पण मी तो विहिरीवर बोलून नाही दाखवला. घरी येऊन पिठाचा डबा आपटला, एवढंच.

पुढच्या वर्षी तिनं आमच्याच परसात साध्या संकेश्वरीचं टोक तोडलं, जिभेवर ठेवलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. डोळ्यांतून धारा लागल्या. मिरची थुंकून टाकून ती म्हणाली, "पानी... पानी द्या वो." ठसकामावशी आणि पाणी! जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन, कारण तिच्याकडून तांब्या परत मिळवल्याचा मला आनंद झाला होता. ती पाणी प्यायली, गालाला हात लावून बसली आणि म्हणाली, "मिरची बदललीया वैनी. जहर हाय ही." मी म्हटलं, "मिरची तीच आहे मावशी. तुमची जीभ म्हातारी झाली." हे मी थट्टेत म्हटलं. पण थट्टेत म्हटलेलं ऐकणाऱ्याला कुठं थट्टेत ऐकू येतं? तिनं मान खाली घातली. त्या वर्षीही सगळं तिखट मिळमिळीत झालं. जाताना ती मला एकटीला गाठून म्हणाली, "बाकीची घरं मला सोडतील. तुमी तरी बोलवा. तुमच्या हितं मुसळ पडलं की बाकीच्या बी येत्यात." मी हो म्हटलं.

त्याच वर्षी बाजारात गिरणी आली. इंजिनावर चालायची, तासाभरात तिखट, तेही मैद्यासारखं बारीक. पुढच्या होळीनंतर सासूबाईंनी मिरच्या गिरणीत पाठवल्या. मी म्हणाले नाही की मावशीला शब्द दिलाय. आठवडाभरानं ती आली. मुसळ खांद्यावर, अंगावर धुतलेलं लुगडं. दारातच तिला वास आला. "झालं व्हय?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अहो, सासूबाईंनीच..." तिनं पुढचं ऐकलं नाही. पुढच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली. नववं घर होईपर्यंत मी खिडकीत उभी होते. ती आमच्या दारावरून परत गेली तेव्हा मी आत झाले.

श्रावणात ती रानभाजी विकायला आली. टोपलीत भारंगी, टाकळा. स्वतः वाळून अर्धी झाली होती. मी बळंच आत बोलावलं, ओटीवर पाट मांडून गरम भात, वरण, तूप वाढलं. तिनं घास घेतला आणि ती तशीच थांबली. डोळे भरून आले, घास गिळेना. तोंडावर हात धरून म्हणाली, "वैनी, वरनात बी मिरची घालता का आता?" वरणात मीठ आणि हळद होती. हिंगसुद्धा नव्हता. मी म्हटलं, "मावशी, तोंड उघडा बघू." ती उघडेना. "दाढंचा काठ लागतोय, दुसरं काय न्हाई." मी दटावलं तेव्हा उघडलं. जिभेच्या कडेला, तुटक्या दाढेशेजारी, रुपयाएवढा व्रण होता. कडा पांढऱ्या, कठीण. मिश्री लावून लावून काळ्या पडलेल्या त्या तोंडात तेवढंच पांढरं दिसत होतं.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटानं जीभ दाबून पाहिली, गळ्याच्या गाठी चाचपल्या आणि चिडलेच माझ्यावर. "दोन वर्षं तरी झालीत याला. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" काय सांगू त्यांना? आम्ही हसत होतो. मुंबईला नेलं तर जीभ कापतील, म्हणाले, पण गाठी गळ्यात उतरल्या आहेत, उगीच हाल कशाला करता. मावशी सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "म्हंजी डाक्टर, मिरची तेज न्हवती?" त्यांना काही कळलं नाही. ते हात धुवायला गेले.

बाहेर पाऊस होता. आम्ही एका दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. मी रडत होते, ती नव्हती. माझा दंड धरून म्हणाली, "ऐका वैनी. माजी जीब म्हातारी न्हवती झाली. दुखत व्हती. दुखत्या जिबंला समदंच तिखट लागतंय. मी खोटं न्हाई बोलले, लवंगी बी न्हाई नेली. येवढं नऊ घरी सांगा. दुसरं कायबी नको मला." मरणाबद्दल अवाक्षर नाही. मी तिथंच शपथ घेतली.

आणि मी सांगितलं हो, घरोघर सांगितलं. पण ऐकायला होतं कोण? एकीनं विचारलं, "कोण? ती कांडपवाली? अजून आहे का?" दुसरी म्हणाली, "अरेरे," आणि लगेच गिरणीवाला दळताना कसं लक्ष ठेवावं लागतं ते सांगायला लागली. तिसरीनं दारातूनच विचारलं, लागणारं नाही ना ते दुखणं, तिच्या हातचं खाल्लंय आम्ही. चोरीचं कुणाला आठवतही नव्हतं, मग ते पुसायचं कसं? सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वाईट झालं. पण आता गिरणीच बरी. खोकला नाही, पसारा नाही."

भात पिवळं पडलं तेव्हा मी मळवलीपलीकडे तिच्या वाडीवर गेले. पडवीत गोधडीवर ती पडली होती. तोंडाला फडकं बांधलेलं, बोलणं बंद. गार पेजेचे चार थेंब जायचे, तेही सून बोटानं सोडायची. मला बघून मावशीचे डोळे चमकले. तिनं हात वर करून नऊ बोटं दाखवली आणि भुवया उंचावल्या. सांगितलं का?

"सांगितलं मावशी. सगळ्यांना पटलं. सगळ्या हळहळल्या."

तिला तेवढं पुरेना. तिनं एक बोट धरलं आणि माझ्याकडे बघितलं. पहिलं घर काय म्हणालं? मी रचून सांगितलं. दुसरं बोट. तेही रचलं. म्हटलं, म्हातारे सासरे तुमची आठवण काढतात. कोपऱ्यावरची म्हणते, तुमच्या तिखटाशिवाय रस्सा होत नाही. वाणीसुद्धा विचारत होता. एकेका घराला मी इतकं गोड बोलायला लावलं की ते माझं मलाच ऐकवेना. ती एकेक बोट मिटत होती आणि फडक्याच्या वरचे तिचे डोळे निवत होते. आठ बोटं मिटली.

मग नववं बोट तिनं माझ्या छातीवर टेकवलं.

आठ घरांचं खोटं मी घडाघडा बोलले होते. पण आमच्या दारात गिरणीच्या तिखटाचा वास तिनं स्वतः घेतला होता. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले आणि बघता बघता तिला बाकीची आठ घरंही कळली. तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं. तरी तिनं बोट काढलं नाही. शेवटी सुनेनंच तिचा हात उचलून गोधडीत घातला आणि म्हणाली, "जावा आता बाई, गाडीची येळ झाली."

मावशी गेली ते मला पंधरा दिवसांनी भाजीवालीकडून कळलं. तिच्या घरच्यांना आम्हाला निरोप धाडावासा वाटला नाही. त्यांचं काही चुकलं नाही.