न पुसलेले टोक

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात ऑगस्टीन यांनी तीस वर्षे काच घासली. होळी गावातली केळीची वाडी भावांनी सांभाळली. यांच्या वाट्याला दुर्बिणींची आणि कॅमेऱ्यांची भिंगे आली. काच घासायची, गुलाबी पावडरीवर चमकवायची आणि शेवटी कुठे धार वा टोक राहिले तर फडक्याने दोनदा पुसून टाकायचे. टोकाचा टवका उडतो, बोट कापते. हे शेवटचे दोन हात त्यांना शिकवावे लागले नव्हते, आणि विसरताही येत नव्हते.

२००३ साली ज्ञानदा ही संशोधन करणारी मुलगी खास काचेच्या दोन चकत्या घेऊन आली. एका बाजूला बसका शंकू हवा होता. त्यातून गेलेला लेसरचा झोत काही अंतर पसरतच नाही, असे ती म्हणाली. महिन्याअखेर प्रयोग झाला नाही तर तिला विषय सोडावा लागणार होता, आणि तिसरी चकती नव्हती.

पहिला शंकू निर्दोष उतरला. तिने तो भिंगाखाली धरला.

“काका, टोक कुठंय?”

“काढलं. कुणाला लागलं असतं.”

ज्ञानदा स्टुलावर बसली. “टोकापासूनच सगळं सुरू होतं, काका.”

ऑगस्टीन यांनी दोन दिवस दुसऱ्या चकतीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्नीला, हेलनला, गाळ्यात आणून शेजारी बसवले.

“मी उचल म्हटलं की काच उचल. मग मागितली तरी देऊ नको.”

“घरी एवढं माझ्या हातात दिलं असतंत तर,” हेलन म्हणाली.

दुपार कलताना ते म्हणाले, “उचल.” तिने काच उचलली. रिकाम्या जागेवर त्यांचा फडके धरलेला अंगठा दोनदा फिरला, आणि थांबला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर खिडक्यांना गोणपाट लावून गाळा अंधारा केला. शंकूच्या आधी ज्ञानदाने प्रयोगशाळेतून आणलेली, उजेडाला पीळ देणारी वेगळी चकती बसवली. त्या चकतीची जाडी गोल जिन्यासारखी चढत गेलेली होती. पुढे एका पाटावर छोटे भिंग आणि त्यामागे कागद. लेसर लागला. कागदावर तांबडे कडे उमटले, मध्ये काळाभोर ठिपका.

“उजेड या ठिपक्याभोवती फिरत पुढं जातो,” ती म्हणाली.

“वाडीतल्या बावखलाची मोरी उघडल्यावर तळ्यातलं पानी फिरतं तसा?”

“तसाच. आता पाट मागे न्या, काका.”

त्यांनी एका बोटाने पाट सरकवला. वीत झाली, हात झाला. कडे तेवढेच राहिले, ठिपकाही तेवढाच. त्यांनी पाट परत आणला, पुन्हा नेला. आयुष्यभर त्यांनी पाहिलेला प्रत्येक झोत कुठेतरी फाकला होता.

“मी काय केलं नाय,” ते हळू म्हणाले. “फक्त हात काढला.”

“हात नाय काढलात. काच मी काढली,” हेलन म्हणाली, आणि तीही कागदावर वाकली.