टिंडालाचं पान

दिग्गी गावच्या फुलाक्काचा माझ्यावर जुना राग आहे. तिच्या आधार कार्डावरचा फोटो वाईट आला, आणि रामनगरात झेरॉक्सचं दुकान माझंच, तेव्हा हे काम माझंच असणार, असा तिचा हिशेब. मी कितीदा सांगितलं की फोटो तालुक्याला, जोयड्याला काढला, मी फक्त त्याची नक्कल काढली. ती म्हणते, नक्कल तरी चांगली काढायचीस. अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण रामनगरला आली की पिशवीतून माझ्यासाठी कणगं, आमच्याकडचे गोडसर कंद, काढते, ती उकडून कशी खायची तेही दर वेळी नव्यानं सांगते. राग आणि कणगं दोन्ही एकाच पिशवीतून येतात.

फुलाक्का लग्न होऊन दिग्गीत आली ती सतरा-अठराची असताना. सासरा लाडू वेळीप तेव्हा घरचा कर्ता. सगळा गाव त्याला ‘बोटकार’ म्हणायचा, आणि ते काही मानानं नव्हे. तरुणपणी लाडू घाट उतरून गोव्यात गेला होता, वास्कोच्या धक्क्यावर पाट्या वाहायला. मग चार-पाच वर्षं त्याचा पत्ताच नाही. परत आला तो हाडांचा सापळा होऊन. मी बोटीवर होतो, एवढंच म्हणाला. गावानं ते हसण्यावारी नेलं. रान जाळून कुमरी शेती करणारा कुणबी, काळी नदी पोहून जायला घाबरणारा, हा कुठला बोटीवर जातोय? लाडूनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यानं एकच गोष्ट घरात नवी आणली. भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी पितरांना पानं वाढतात, त्या पानांच्या शेजारी तो आणखी तीन पानं मांडायला लागला. एक टिंडालाचं, एक कासमचं, एक पेद्रूचं. नियमही कडक. या तीन पानांना आधी पाणी ठेवायचं, मग भात. आणि मीठ अजिबात वाढायचं नाही.

आमच्या मुलखात देव कुणाला धर्म विचारून राखण करत नाही. रानातल्या पिराला सगळे नारळ देतात, वाटेवरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, सगळे मेणबत्ती लावतात. त्यामुळे घरानं आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं की लाडू घाट उतरताना त्याला सांभाळणारे हे तिघं राखणदार. टिंडाल त्यातला थोरला. पुढे पुढे तर कुणाची गाय रानात चुकली की लोक टिंडालाला नारळ बोलायचे. गाय सापडायचीही. मी कोण शंका घेणारा?

लाडू गेला तेव्हा शेवटच्या दुखण्यात त्यानं मुलाला नव्हे, सुनेला जवळ बोलावलं आणि पानं चुकवू नको म्हणून शब्द घेतला. फुलाक्कानं दिला. तेव्हापासून एक म्हाळ तिनं चुकवला नाही. नवरा वारला त्या वर्षीसुद्धा तीन पानं वाढून मगच रडायला बसली.

पण आता तिचे गुडघे गेले, आणि घरात कर्ता झाला नागराज. हा तिचा मुलगा, वनखात्यात रोजंदारीवर जातो, थोडं भात पिकवतो. माणूस सरळ, पण तोंडाचा फटकळ. भावकीतल्या कुणीतरी त्याच्या कानात घातलं की पितरांच्या पंगतीत राखणदार बसवले तर पितर उपाशी उठतात. झालं. त्यानं आईला सांगून टाकलं, “तू हायस तंवर घाल. मागनं मी घालणार न्हाई.”

फुलाक्कानं हे मला दुकानात सांगितलं तेव्हा कणगं द्यायची विसरली. वर गेल्यावर मामांना, म्हणजे सासऱ्याला, काय तोंड दाखवू, एवढंच म्हणत राहिली. मला पहिल्यांदा तिची खरोखर काळजी वाटली.

नागराजचं डोकं तेव्हा भलतीकडेच होतं. कारवारकडच्या एका घराला आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या बोटीच्या नोकरीचं पदक विलायतेहून आलं, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं. अज्जाला गावानं जन्मभर हसून घेतलं, आता त्याचं पदक भिंतीवर लावीन आणि एकेकाला घरी चहाला बोलवीन, असं त्यानं मनात घेतलं. मग माझ्यामागे लकडा लावला. अर्ज भरायला मी बसलो खरा, पण त्या लोकांना बोटीचं नाव हवं, खलाशाचा नंबर हवा, जन्मतारीख हवी. लाडूची जन्मतारीख म्हणजे भाताची कापणी चालू होती, एवढी. कागद म्हणाल तर एक चिटोरं नाही. दोनदा अर्ज परत आला, आणि दोन्ही वेळा मी नागराजवर डाफरलो, कारण विलायतेवर डाफरायची सोय नव्हती.

शेवटी मी त्याला कारवारला दत्तप्रसाद तांडेलांकडे न्यायचं ठरवलं. तांडेल बोटीवर इंजिनात नोकरी करून निवृत्त झालेले, अशा जुन्या खलाशांची माहिती काढून देण्याचा त्यांना नाद. फुलाक्कानं ऐकलं आणि गुडघे डॉक्टरला दाखवायचे म्हणून तीही एसटीत बसली. अणशी घाटाची वळणं संपेपर्यंत ती डोळे मिटून होती. समुद्र तिनं तोवर पाहिलेला नव्हता.

तांडेलांनी सगळं ऐकून घेतलं. बोटीचं नाव नसेल तर राहू दे म्हणाले, आजोबांच्या बरोबरच्या कुणाचं नाव घरात कधी निघायचं का? नागराज म्हणाला, न्हाई, कुणाचंच न्हाई. मीही मान हलवली. तेवढ्यात फुलाक्का कोपऱ्यातून म्हणाली, माणसांची न्हाईत, पण तीन नावं घ्यायचे मामा, आणि तिनं ती सांगितली. नागराज ओशाळला. ते आमच्या घाटातले राखणदार, म्हणाला, म्हातारीचं काय मनावर घेऊ नका.

तांडेल हसले नाहीत. टिंडाल हे नाव नव्हे, म्हणाले, हुद्दा आहे. भट्टीवर कोळसा मारणाऱ्या खलाशांचा मुकादम तो टिंडाल. मग त्यांनी फुलाक्कालाच विचारलं, मामा या तिघांचं नेमकं काय करायचे? तिनं पानांचं सांगितलं. आधी पाणी, आणि मीठ नाही.

मीठ नाही, हे तांडेलांनी तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. लढाईत पाणबुडीनं बोट बुडवली की जगले-वाचलेले लहान होडीत चढायचे. कोणी शोधायला येईल तेव्हा येईल. गोडं पाणी संपलं की तहानेनं वेडे होऊन काही जण समुद्राचं पाणी प्यायचे, आणि तेच आधी जायचे. शेजारी बसलेला हात धरून नको म्हणायचा, पण ते ऐकायचे नाहीत.

आम्ही तिथून निघालो. डॉक्टरचा नंबर लावायचा होता, पण फुलाक्कानं समुद्रावर चल म्हटलं. वाळूत तिला चालवेना, म्हणून एका बाजूनं मी आणि एका बाजूनं नागराज. लाटेपर्यंत गेल्यावर ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं. थुंकून टाकलं. मग मुलाकडे बघून म्हणाली, “ह्ये प्यालीत व्हय रे ती?”

नागराजनं तिच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला धरून उभा राहिला. परतीच्या एसटीत तो आमच्यापासून दूर, मागच्या बाकावर बसला.

पुढचं काम तांडेलांनी केलं. बुडालेल्या खलाशांची नावं जिथं जपून ठेवलेली असतात तिथं त्यांनी विचारणा केली, आणि एकाच बोटीवर कासम आणि पेद्रू दोघेही सापडले. टिंडालाचं नाव इसूप. त्यांच्याच होडीतून वाचलेल्यांत लाडू वेळीप, कोळसेवाला. फोनवर तांडेलांनी वयंही सांगितली. कासम एकोणीस, पेद्रू वीस, टिंडाल तिशीच्या आतला. मी निरोप पोचवला तेव्हा फुलाक्का भात पाखडत होती. तिचं सूप थांबलं. इतकी वर्षं ती या तिघांच्या पानांपुढे डोक्यावरून पदर घेऊन वाकत होती, थोर माणसांपुढे वाकावं तशी.

“पोरंच की रं ती,” म्हणाली, आणि रडली. मीही रडलो, हे सांगायला मला लाज नाही.

त्यानंतर अर्ज, वारसाचा दाखला, पंचायतीचा शिक्का, यात माझं निम्मं रक्त आटलं. पण पदकं आली. एक सहा टोकांचा तारा आणि एक गोल. नागराजनं डबी उघडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. पदकांवर कुणाचंच नाव नव्हतं. त्या लढाईतल्या खलाशांची पदकं अशीच, बिननावाची, हे तांडेलांनी मला आधीच सांगितलं होतं, पण नागराजला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. त्याचा चेहरा एवढासा झाला. आता गावाला काय दाखवू, म्हणाला.

फुलाक्कानं तारा तळहातावर घेऊन बघितला. “बरं झालं,” म्हणाली. “नाव असतं तर एकट्याचं झालं असतं.”

भाद्रपदात मला म्हाळाचं बोलावणं आलं. फुलाक्काला त्या दिवशी चुलीपासून उठवत नव्हतं. पितरांची पानं मांडून झाली, आणि मी नागराजकडे बघत राहिलो. त्यानं आणखी तीन पानं पुसून घेतली. तांब्या आणला. तीन पेले काठोकाठ भरले, सांडेपर्यंत. मग भात वाढला, आमटी वाढली, मिठाचं भांडं उचलून लांब ठेवलं आणि तिन्ही पानांपुढे हात जोडून म्हणाला, “जेवा रे.”

चुलीपासून फुलाक्काचा आवाज आला. “टिंडालाला ‘रे’ म्हणू नगंस. मुकादम व्हता तो तुझ्या अज्जाचा.”

नागराजनं टिंडालापुढे पुन्हा हात जोडले, या वेळी ‘जेवा जी’ म्हणून. आणि कासमच्या पानावर आणखी एक मूद टाकली. एकोणिसाव्या वर्षी पोर किती खातं, म्हणाला, माझ्याच पोराचं बघा की.

मी फुलाक्काजवळ जाऊन बसलो. धुरानं की कशानं, तिचे डोळे वाहत होते, पण चेहरा मोकळा होता. गुडघ्यांचं कसं काय विचारलं, तर गुडघे जाऊ देत म्हणाली. आता केव्हाही निघायला आपली तयारी आहे. मामांनी विचारलं तर त्यांना सांगीन, पोरगा पानं वाढतोय.