आडव्या ओळी

कॉर्नवॉलच्या त्या खाणगावात थॉमसिनइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती. दिवसभर खाणीच्या तोंडाशी तांब्याचे दगड फोडायची आणि संध्याकाळी त्याच भेगाळल्या हातांनी ऑस्ट्रेलियातल्या भावाची, जोसायाची, पत्रं उलगडायची. टपालखर्च वाचवायला जोसायाही सगळ्यांसारखंच लिही: पान भरलं की ते आडवं धरून त्याच ओळींवरून दुसऱ्या ओळी. वाचताना डोळे फुटायची वेळ यायची!

निघताना त्याने बहिणीला आणि मेव्हण्याला हळूच बजावलं होतं, "तिथला मुकादम पत्रं फोडून वाचतो म्हणे. वाईट काही लिहिता यायचं नाही. आडव्या ओळी दिसल्या नाहीत, तर समजा, तिकडे फिरकायचं नाही."

थॉमसिनचा नवरा झॅकीही तिकडेच जायचा होता, जोसायाच्या पत्रासाठी तेवढा थांबला होता. पत्र आलं तेव्हा दोघंही खाणीवर. आईला अक्षर येत नव्हतं, पण घरची रीत तिने मोडली नाही: मास्तरांकडून नक्कल करून घेतली आणि मूळ पत्र त्याच दिवशी मावशीच्या गावी धाडलं.

नकलेत सगळं गोडगोड. मजुरी भरपूर, मटण रोज. थॉमसिनच्या मनात पाल चुकचुकली.

"आई, आडव्या ओळी होत्या का गं?"

"असतील की. नेहमीच असतात."

"मूळ पत्र येऊ दे मग," ती नवऱ्याला म्हणाली.

"तोवर बोट काय माझी वाट बघत थांबणार आहे? उगाच अपशकुन करू नकोस बाई!"

जन्मात एकदाच हट्ट सोडला मेलीने, तो नेमका तेव्हा.

मूळ पत्र मे महिन्यात नातेवाइकांत फिरून परत आलं. झॅकीची बोट सुटून तीन आठवडे झाले होते. तिने ते दाराच्या उजेडात धरलं. चारही पानं सरळ ओळींची, आडवी ओळ एकही नाही.

"अगंबाई, किती स्वच्छ लिहिलंय!" आई खांद्यावरून डोकावत म्हणाली. "कागदाची चैन परवडते वाटतं आता!"

थॉमसिनने दौत ओढली आणि झॅकीला लिहायला बसली. हे पत्र तीन महिने त्याच्या मागेच धावणार, गाठणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी एक पान सरळ भरलं, खाली नाव घातलं आणि घडी घातली.

"आडवं नाही लिहिलंस?" आई हसली. "तूही श्रीमंत झालीस की काय?"