पंधरावा दगड

राखणदार नोकरीला लागला तेव्हा शिळावर्तुळात पंधरा दगड होते. बावीस वर्षांनंतरही पंधराच होते आणि त्याबद्दल साहेब लोक त्याची पाठ थोपटत. तो मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

मग उत्खननाच्या बाई आल्या. दोन महिने रांगून त्यांनी वर्तुळाच्या पोटातून एका माणसाची हाडं, चार मडकी आणि एक गंजलेलं पातं काढलं. या लोकांची घरं सापडत नाहीत, असं त्या सांगत. स्वतःसाठी काय बांधलं देव जाणे, पण मेलेल्यासाठी त्यांनी कमरेएवढे दगड ओढून आणले होते.

"लिहिणं नव्हतं त्यांच्याकडे, दादा," बाई म्हणाल्या. "कुठला दगड कुठे ठेवला, तेवढंच त्यांचं बोलणं."

राखणदाराने पंधराव्या दगडाकडे पाठ केली.

पंधराव्या दगडावर तर बाई फिदाच होत्या. बाकीचे काळे, हा एकटा तांबूस. म्हणजे लांबून आणलेला. म्हणजे मेलेला माणूस परमुलखातला, आणि त्याच्या माणसांनी त्याच्या गावचा दगड उशाशी आणून ठेवलेला. बाईंच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. शेवटी आभार, आणि त्यात पहिलं नाव राखणदाराचं. बाईंनी ते कौतुकाने वाचून दाखवलं.

खरी हकिकत अशी, की नवव्या वर्षी राखणदार चौकीत भरदुपारी घोरत असताना त्याच्या मेहुण्याने ट्रॅक्टर मागे घेतला आणि मूळ दगडाचे तीन तुकडे केले. दोघांनी मिळून सासऱ्याच्या शेतालगतच्या ओढ्यातला तांबूस दगड आणून खड्ड्यात उभा केला.

पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं. बायको म्हणाली, "सांगून टाका. माझ्या भावाचं नाव तेवढं घेऊ नका."

त्याने सांगितलं. झोपेसकट. बाईंनी समोरचे कागद पालथे ठेवले. बोलणी खायची त्याने तयारी केली होती. ती तयारी वाया गेली.

"तुकडे कुठे आहेत?"

"न्हाणीत. पिंपाखाली."

त्याने तांब्या-तांब्याने पिंप रिकामं केलं. बाई ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि तेरा वर्षांचा साबण ब्रशने खरवडू लागल्या. प्रकरण त्यांनी रद्द केलं होतं. आभार तसेच ठेवले होते. ते खोडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"धरा," म्हणत त्यांनी टेप त्याच्याकडे दिली. "किती भरतंय?"

आकडा त्याला स्पष्ट दिसत होता. तरी त्याने टेप पुन्हा एकदा लावून पाहिली आणि मगच तो सांगितला.