दुसरी प्रत ढाणकीला

तुमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता, आणि त्याची दुसरी प्रत कोणत्या गावात आहे?

कोणत्या कपाटात, हे मी विचारत नाही. कोणत्या गावात, हे विचारते आहे. उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर तुमच्याकडे दुसरी प्रत नाही.

मला हा प्रश्न विचारायची सवय बाबांनी लावली. दिग्रसला आमचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते आणि पाळी संपली की पत्रकं लिहायचे. हमालांना प्यायला माठ हवा, त्याचं पत्रक. मुलींची शाळा सातवीनंतर सोडवू नका, त्याचं पत्रक. जयंतीला डीजेऐवजी पुस्तकं आणा, त्याचंही पत्रक, आणि त्यावरून वस्तीतली तरुण पोरं महिनाभर बाबांशी बोलली नाहीत. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला. पान उलटलं की मागे मोठ्या टाइपात असायचं: जागे व्हा.

मी चौथीत असताना बाबांच्या पत्रकांची पेटी वाळवीनं खाल्ली. झाकण उघडलं तर आत माती. आई रडली, बाबा नाही. ते म्हणाले, "वाळवीचं काय चुकलं? म्या सगळं एकाच घरी ठेवलं, ते चुकलं."

तेव्हापासून प्रत्येक पत्रकाची एक प्रत ढाणकीला जायची. तिथं बाबांचे दोस्त होते, इंजिन-पंपाचे मिस्त्री. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत आमची पत्रकं असायची. दिवाळी झाली की चाचा ती ट्रंक अंगणात काढत, सगळी पत्रकं बाजेवर पसरून ऊन देत आणि त्यातलं कोणतंही एक उचलून मोठ्यानं वाचत. मग बाबांना निरोप यायचा: साबूत आहेत. नुसती ट्रंक पाहून चाचांनी तो निरोप कधीच दिला नाही. वाचल्यावरच दिला.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले आणि यवतमाळला शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेत लागले. बियाण्यांच्या गोदामामागे आमची खोली होती. खोलीत एसी होता, तो मशीनसाठी. आम्ही त्याच्या आश्रयाला बसायचो.

संस्थेनं सहा जुने कॉम्प्युटर काढून एकच मोठं मशीन आणलं होतं. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं तयार केलेले सहा कॉम्प्युटर चालायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक सभासदांचं, एक गोदामाचं, एक शेतकऱ्यांच्या तक्रारींचं, असे सहा. हात लावून दाखवावं असं त्यातलं एकही नाही. पण प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत आणि आपली डिस्क आपल्या एकट्याची आहे. खरी डिस्क मात्र सगळ्यांत एकच. तिच्यावर कोणाला किती जागा द्यायची, ती कधी भरेल, भरण्याआधी काय करायचं, हे पाहणं माझं काम.

पहिल्याच आठवड्यात मी वाटलेल्या जागेची बेरीज केली. ती खऱ्या जागेच्या दीडपट निघाली. दिग्रसच्या जिनातला मुकादम असंच करायचा. ओटा एक, आणि "तुह्या कापसाची गंजी इथंच लावू" हा शब्द सहा जणांना. सगळे एकाच दिवशी गाड्या घेऊन येत नाहीत तोवर मुकादम हुशार ठरतो.

मी आमच्या सरांना विचारलं. सर म्हणजे खोलीचे प्रमुख, मनानं चांगले, घाईनं वाईट.

"सर, आपण आहे त्यापेक्षा जास्त जागा वाटली आहे."

"सगळेच वाटतात मॅडम. सहाही एकदम थोडीच भरून राह्यले?"

"आणि भरले तर?"

"त तुम्ही एक पत्रक काढा. घरचाच धंदा आहे तुमचा."

मी काढलं. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर लावलं. मथळा होता: डिस्क सगळ्यांची, जबाबदारी कोणाची? खाली तीन मागण्या. डिस्कचा चौथा भाग कायम मोकळा ठेवा. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. आणि गावोगाव फिरणाऱ्या आमच्या पथकांनी माझी पोच आल्याशिवाय फोनमधला एकही फोटो उडवू नये.

सर मोठ्यानं हसले, पण त्यांनी तिन्ही मागण्यांवर सही केली. ढाणकीला संस्थेचा डेपो होता, तिथं एक लोखंडी कपाट रिकामं होतं. आणि त्या डेपोचं जनरेटर सांभाळायला कोण होतं? चाचा.

मग दर दुसऱ्या गुरुवारी मी डब्याच्या पिशवीत हार्ड डिस्क घालून एसटीनं निघायची, उमरखेडला गाडी बदलून ढाणकी. डिस्कला पासवर्डचं कुलूप आणि वर ओढणीची गुंडाळी. कंडक्टर एकदा म्हणाला, "बाई, दर खेपेला मांडीवर काय घेऊन बसता? अंडे आहेत काय?" ढाणकीला पोचले की मी डेपोच्या कॉम्प्युटरवर प्रत उघडायची. चाचा बाजूला स्टूल ओढून बसायचे. "पढ बेटा," म्हणायचे. कोणतीही एक तक्रार मी मोठ्यानं वाचायची. मगच कपाट बंद. खोलीतले माझे सोबती या वाचनावर खूप हसले. सर विचारायचे, "काय मॅडम, झालं का तुमचं पारायण?"

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. त्या काळात आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर एकाच बातमीसाठी घेतलं जायचं. कापूस आणि यवतमाळ म्हटलं की लोक आमच्याकडे कीव करून पाहायचे. मला ती कीव कधीच आवडली नाही. आमच्या खोलीत रोज जे लोक येत होते ते कीव मागायला येत नव्हते. बियाणं फसलं, अशी सही करून तक्रार द्यायला येत होते.

बोंड बाहेरून धडधाकट, फोडलं की आत गुलाबी अळी. तक्रार आली की पथक वावरात जाई, शेतकरी हातावर बोंड फोडून धरी, त्याचा फोटो आणि जबाब फोनमध्ये घेतला जाई. पुढे या सगळ्यांची समितीपुढे एकत्र सुनावणी व्हायची होती. पण तोवर कोणी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वावरात उभी ठेवत नाही, उपटून हरभरा पेरतात. म्हणजे फोटो गेला की पुरावा गेला. परत काढायला वावरात काही उरलेलंच नाही.

बाभुळगावकडच्या एक मावशी त्यासाठी खास आल्या. शेत त्यांचंच, तक्रार त्यांचीच. दारातून म्हणाल्या, "माहा फोटो आहे का वो बाई? का नुसतंच काढल्यासारखं केलं त्या पोट्ट्यानं?"

मी त्यांना पडद्यावर दाखवला. त्यांचा तळहात, फोडलेलं बोंड, अळी. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"पऱ्हाटी उपटली म्या," त्या म्हणाल्या. "आता हेच माहं वावर."

"कुठं जाणार नाही, मावशी."

"पाय बरं. मी अंगठेवाली नाही, सही केली हाय म्या त्याच्यावर."

तो शब्द मी दिला आणि त्याच्या पाठीमागे माझी एक चूक बसलेली होती.

तक्रारींना किती जागा लागेल हे काढताना मी महिन्याचे फोटो धरले आणि तिसानं भागले. रोजची सरासरी. त्यावर चौथा भाग मोकळा. कागदावर सुंदर दिसत होतं. पण खेड्यात नेटवर्क नाही. पथकातले लोक आठवडाभर फोटो जमवत आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला आले की चहाच्या टपरीवर बसून सगळे एकदम पाठवत. कापसाच्या गावात वाढलेली पोरगी मी. गाड्या रोज थोड्या थोड्या येत नाहीत, एकदम येतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी मी तिसानं भागलं.

त्यात सरांचा स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती गोठवून ठेवणं. त्यानंतरचा प्रत्येक बदल मग एका वेगळ्या फाइलीत साठत जातो आणि ती फाइल फुगत राहते. काम झालं की दोन दिवसांत तो रीतसर मिटवायचा असतो. सरांनी तक्रारींच्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला त्याला तीन आठवडे झाले होते. मी एकदा आठवण दिली तेव्हा म्हणाले, "राहू द्या ना, तोच आपला बॅकअप." मी पुन्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

एका बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, डिस्क भरली. सहाही मशीन एकदम थांबली. बाहेर गोदामाची रांग, आत फोन. सरांनी नागपूरच्या तंत्रज्ञाला फोन लावला, फोन कानाला धरूनच मला म्हणाले, "ते म्हणतात सगळ्यात मोठी फाइल उडवा."

"सर, ती स्नॅपशॉटनंतरची फाइल आहे. तीन आठवड्यांच्या तक्रारी त्यातच आहेत."

"पण मूळ मशीन शाबूत आहे ना?"

"मूळ मशीन तीन आठवड्यांपूर्वीचं आहे."

"मॅडम, बाहेर लाइन पाहा!"

मी की-बोर्डवरून हात काढले. "मी नाही उडवणार, सर. थोडा वेळ द्या, दुसरीकडून जागा काढते."

त्यांनी माझी खुर्ची हळूच बाजूला सरकवली आणि स्वतः बटण दाबलं.

मशीन सुरू झाली. रांग हलली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग मी तक्रारींचं मशीन उघडलं. ते तीन आठवडे मागे जाऊन उभं होतं. मावशींचा क्रमांक टाकला. नोंद सापडली नाही.

सरांनी ते पाहिलं. ते खाली बसले, पाणी प्याले, आणि मग त्यांनी एकच शब्द विचारला.

"ढाणकी?"

माझ्या आयुष्यात मला अनेकदा शाबासकी मिळाली आहे. त्या एका शब्दाइतकी मोठी कोणतीच नव्हती.

मी मिळेल ती गाडी पकडली. दिवेलागणीला ढाणकीला पोचले. चाचांनी कपाट उघडलं, पण डिस्क हातात दिली नाही.

"पहले पढ."

"चाचा, गडबड आहे."

"गडबड हाय म्हणूनच. नासकी निघाली त इथंच समजू दे, यवतमाळले नको."

मी उघडली. मावशींची तक्रार वाचली, सर्व्हे नंबरापासून खालच्या सहीपर्यंत. चाचा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "साबूत."

रात्री त्यांच्याच घरी राहिले, सकाळच्या गाडीनं परत. प्रत गेल्या गुरुवारची होती, म्हणजे मधल्या पाच दिवसांचं काम तिच्यात नव्हतं. पण ढाणकीला प्रत ठेवल्याशिवाय मी कोणाला पोच देतच नव्हते, त्यामुळे ते फोटो पथकांच्या फोनमध्येच होते. एकानं फोन माझ्यासमोर आपटला. "घ्या! फोन भरला त लेकीच्या वाढदिवसाचे फोटो उडवले म्या, पण तुमच्या अळ्या नाही उडवल्या."

सगळं परत बसवायला पूर्ण दिवस लागला. मग नोंदवही घेऊन आम्ही एकेक क्रमांक मिळवला. सर वाचत होते, मी पडद्यावर पाहत होते. एकच क्रमांक रिकामा निघाला. चौकशी केली तर त्या शेतकऱ्याच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं, फोटो काढलाच नव्हता.

संध्याकाळी सर म्हणाले, "मॅडम, आता याच्यावर पत्रक नका काढू."

"काढलं, सर. दारावर आहे."

ते बाहेर जाऊन वाचून आले. पत्रकात पहिलं वाक्य माझ्या चुकीचं होतं: सरासरीवर जागा मोजली, ही चूक माझी. त्यानंतर नवे नियम. जागा बाजाराच्या दिवसावर मोजायची. जिनात आगीच्या भीतीनं दोन गंज्यांत वाट सोडतात, तशी डिस्कवर मोकळी जागा सोडायची आणि ती कोणालाही द्यायची नाही. स्नॅपशॉट घेताना तो मिटवायची तारीख आधी लिहायची. दोघांच्या सहीशिवाय फाइल उडवायची नाही. सरांनी खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या नियमाखाली पहिली सही केली. माफी त्यांनी शब्दांत मागितली नाही, आणि मला ती नकोच होती.

सुनावणीला मावशी आल्या. समोर भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडलेला त्यांचा तळहात केवढा मोठा दिसत होता. समितीतल्या एकानं विचारलं, हा फोटो कोणाच्या शेतातला? मावशी उभ्या राहिल्या. "माह्या. खाली सही वाचा ना." त्यांची तक्रार ऐकली गेली. ऐकली गेली, एवढंच मी सांगते आहे, कारण एवढंच राखणं माझ्या हातात होतं आणि ते मी राखलं.

दिग्रसला गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी उघडून पायलं होतं?"

"हो. वाचलंसुद्धा."

"मंग ठीक." त्यांनी माझं पत्रक चष्मा लावून वाचलं, घडी केली आणि ढाणकीच्या ट्रंकेसाठी वेगळं ठेवलं. तिथं गेलेलं माझं हे पहिलं पत्रक.

आता तुमचं काम. हे वाचून झाल्यावर उठा. घरातला तो एक कागद काढा, सातबारा, लेकीचा दाखला, आईचं एकुलतं पत्र, जे तुमचं वावर असेल ते. त्याची प्रत करा आणि दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या माणसाकडे पोचवा. पोचली की त्याला ती उघडायला लावा आणि फोनवर मोठ्यानं वाचून घ्या. वाचून होईपर्यंत फोन ठेवू नका.